९३ हवेल्या आणि माझी चुकलेली स्लाइड

आमच्या विभागात महिन्यातून एकदा जर्नल क्लब असतो. एका वेळी आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी वाचून मांडायचं ठरलं. मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय, पण मला इतिहासाची आवड, म्हणून मी इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टचा सप्टेंबर २०२० मधला अहवाल निवडला. ट्रस्टच्या ताब्यातल्या जुन्या वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी काय संबंध होता, हा त्याचा विषय. पहिल्याच स्लाइडवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं : '९३ वास्तू, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश!'

एमएस्सीच्या एका मुलीने विचारलं, "दादा, मग उरलेल्या दोन-तृतीयांश घरांचा संबंध नव्हता, असं सिद्ध झालंय का?"

मी म्हणालो, "हो, तसंच म्हणता येईल."

तसं म्हणता येत नाही. आणि हे मला तरी कळायला हवं होतं, कारण माझं रोजचं काम याच चुकीभोवती फिरतं. म्हणून हा अहवाल मी पुन्हा वाचला, या वेळी एखाद्या पेपरचं परीक्षण करावं तसा.

आधी थोडी पार्श्वभूमी

कंट्री हाउस म्हणजे जमीनदार घराण्याने आपल्या इस्टेटीवर बांधलेली हवेली. भोवती बाग, त्यापलीकडे कुळांची शेतं. या घरांवर बराच काळ जे लिहिलं गेलं ते मुख्यतः वास्तुरचना, चित्रं, फर्निचर आणि वंशावळ यांबद्दल. १९७८ साली मार्क जिरुआर्ड यांनी घरात माणसं कशी राहत होती, नोकर कुठून ये-जा करत होते, यावर पुस्तक लिहिलं आणि नजर थोडी बदलली. तरी 'हे बांधायला पैसा कुठून आला?' हा प्रश्न सहसा एका ओळीत संपायचा.

तो प्रश्न मध्यभागी आणायला मोठी मदत झाली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एका डेटाबेसची. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवायचं ठरलं, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. ती गुलामांना नाही, मालकांना! गुलाम केलेल्या माणसांना एक पैही मिळाली नाही. मालकांनी केलेल्या दाव्यांची कागदपत्रं मात्र नीट जपली गेली, आणि २०१३ पासून ती कोणालाही ऑनलाइन शोधता येतात. ट्रस्टच्या अहवालातल्या २९ वास्तू याच नुकसानभरपाईशी जोडलेल्या आहेत.

अहवालाचं बळ

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. हा अहवाल मला महत्त्वाचा वाटतो. विखुरलेलं संशोधन त्याने एका जागी आणलं आणि एकेका वास्तूची वेगळी नोंद दिली. स्वतःला 'अंतरिम' म्हणण्याचा प्रामाणिकपणाही त्यात आहे.

वेल्समधला पेन्रिन किल्ला घ्या. पेनंट घराण्याचे जमैकात उसाचे मळे होते. १८३० च्या दशकात जॉर्ज हे डॉकिन्स-पेनंट यांना ७६४ माणसांच्या बदल्यात चौदा हजार पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. इथे घराणं, मळा, माणसं, रक्कम आणि इमारत अशी साखळी कागदावर दिसते. असा पुरावा असेल तर वाद कशावर घालणार?

पण ९३ हा आकडा नेमकं काय मोजतो?

माझी पहिली तक्रार 'संबंध' या शब्दाबद्दल आहे. पेन्रिन या यादीत आहे. पोविस किल्लाही आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, त्याच काळात श्रीरंगपट्टण पडलं, आणि टिपू सुलतानाचा तंबू आज पोविसच्या संग्रहात आहे. इथपर्यंत ठीक. पण त्याच यादीत बेटमन्स आहे. रड्यार्ड किपलिंगने १९०२ मध्ये विकत घेतलेलं घर. चार्टवेलही आहे. ते चर्चिलने १९२२ मध्ये घेतलं.

किपलिंगने साम्राज्याची बाजू शब्दांतून मांडली. चर्चिल १९२१-२२ मध्ये वसाहत मंत्री होता आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पंतप्रधान. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण मळ्याच्या पैशावर उभं राहिलेलं घर, लुटीच्या वस्तू ठेवलेलं घर आणि साम्राज्यवादी माणूस राहायचा ते घर, हे तीन वेगवेगळे व्हेरिएबल आहेत. तिन्हींची बेरीज करून एक आकडा काढला की त्याला एकक उरत नाही. किलो, मीटर आणि सेकंद यांची बेरीज केल्यासारखं होतं ते.

याची किंमत अहवालालाच मोजावी लागली. वर्तमानपत्रांतला वाद चार्टवेलभोवती पेटला आणि पेन्रिनसारखा पक्का पुरावा त्या धुरात मागे पडला. तक्रारी चॅरिटी कमिशनपर्यंत गेल्या. मार्च २०२१ मध्ये कमिशनने ट्रस्टवर कारवाईचं कारण नसल्याचं सांगितलं. कायदेशीर बाजू सुटली, पण 'संबंध म्हणजे काय' हा पद्धतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरी तक्रार : गैरहजेरीची नोंद नाही

आता माझ्या चुकीकडे येतो. माझ्या पीएचडीत मी जुन्या हर्बेरियममधले वाळवलेले नमुने वापरतो. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी एखाद्या घाटातून एक फांदी तोडली, दाबून वाळवली, चिठ्ठी लावली. त्यावरून 'ही वनस्पती इथे होती' असं सांगता येतं. पण जिथून नमुना नाही तिथे ती नव्हती, असं म्हणता येत नाही. कदाचित तिथे कोणी गेलंच नसेल. असे नमुने रस्त्यांच्या कडेला जास्त सापडतात, कारण माणसं रस्त्याने जातात. याला आम्ही फक्त हजेरीचा डेटा म्हणतो.

९३ ची यादी तशीच आहे. यादीत नसलेल्या घराबाबत दोन शक्यता असतात : शोधलं पण काही सापडलं नाही, किंवा अजून नीट शोधलंच नाही. यादीवरून यातलं काय ते कळत नाही. त्यामुळे 'एक-तृतीयांश' हे प्रमाण म्हणून वापरणं धोक्याचं आहे. फार तर 'किमान इतके' म्हणता येईल.

शोधायचे 'रस्ते'ही ठरलेले असतात. भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रं १८३४ च्या आसपास कोण मालक होतं तेवढंच सांगतात. त्याआधी मळा विकून पैसा जमिनीत घातलेलं घराणं त्यात दिसणार नाही. डायरम पार्क हे याचं उत्तम उदाहरण. विल्यम ब्लॅथवेट हा वसाहतींच्या महसुलाचा हिशेब पाहणारा मोठा अधिकारी. त्या घरात साखळदंडातल्या गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीय माणसांच्या आकाराचे दोन स्टँड आहेत. पण ब्लॅथवेट वारला १७१७ मध्ये. भरपाईच्या कागदांत त्याला शोधून काय मिळणार? हे घर अहवालात आलं ते वेगळ्या पुराव्यांमुळे. जिथे असे पुरावे कोणी चाळले नाहीत, तिथलं काय?

तिसरी : सॅम्पल कोणी निवडलं?

ट्रस्टची घरं म्हणजे इंग्लंडमधली सगळी कंट्री हाउसेस नव्हेत. १८९४ पासून वारसा कर लागू झाला, शेतीचं उत्पन्न आधीच घसरलं होतं, आणि विसाव्या शतकात शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. १९३७ पासून मालकांना घर ट्रस्टला देऊन तिथेच राहायची सोय झाली, पण सोबत देखभालीसाठी उत्पन्नही द्यावं लागायचं. म्हणजे ट्रस्टकडे काय आलं, हे टिकण्याची ऐपत आणि देण्याची इच्छा यांवर ठरलं. उलट साखरेच्या पैशाचं सर्वांत ठळक उदाहरण मानलं जाणारं लॅसेल्स घराण्याचं हेरवुड हाउस या ९३ मध्ये नाही. कारण साधं आहे, ते ट्रस्टचं नाहीच.

अहवालाने फक्त आपल्या वास्तूंबद्दल बोलायचं ठरवलं होतं, म्हणून हा त्याचा दोष नाही. त्यावरून 'इंग्लिश जमीनदारांपैकी एक-तृतीयांश' असं म्हणणाऱ्याचा तो दोष आहे. माझ्या स्लाइडवर साधारण तेच होतं.

मग याने काय बिघडतं?

कोणी म्हणेल, कारण योग्य आहे, आकडा थोडा सैल असला तर काय? मलाही मनातून तसंच वाटत होतं. भारतीय म्हणून तो आकडा वाचताना बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. म्हणूनच मी तो तपासला नाही. विरुद्ध बाजूचा आकडा असता तर पहिल्या मिनिटाला व्याख्या विचारली असती.

शिवाय सैल आकड्याने सर्वांत मोठं नुकसान त्या ७६४ माणसांचं होतं. पेन्रिन आणि बेटमन्स एकाच रांगेत उभे केले की टीकाकार बेटमन्सकडे बोट दाखवून पूर्ण रांग नाकारतो. काटेकोरपणा म्हणजे दुसऱ्या बाजूला दिलेली सूट नव्हे. ज्यांच्या नावावर अन्यायाची पक्की नोंद आहे, त्यांची नोंद पक्कीच राहावी, यासाठी तो हवा.

मी असतो तर यादीत चार रकाने केले असते : संबंधाचा प्रकार, काळ, पुरावा, आणि न सापडलेल्या घरांसाठी 'शोधलं की नाही'. शेवटचा रकाना भरायला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर एखादा आवडलेला आकडा घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. मोजलं ते नेमकं काय? न मोजलेल्यांचं काय झालं? मोजायला घेतलेले नमुने माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आले? आकडा तुमच्या मनासारखा असेल तर दोनदा विचारा.

पुढच्या जर्नल क्लबमध्ये मी पहिली पाच मिनिटं मागून घेतली आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं : "नाही, सिद्ध झालेलं नाही." स्लाइड आता बदलली आहे. तिच्यावर ९३ च्या आधी 'किमान' लिहिलंय आणि खाली पेन्रिनची नोंद.