टप्प्यात येणे : दूरपल्ल्याची रायफल आणि शिकारकथनाचे रूप

शिकारीच्या लेखनाला साहसकथा किंवा अनुभवकथन असे नाव देऊन बाजूला ठेवण्याची समीक्षेला सवय आहे. त्यातील शस्त्राच्या तपशिलाकडे तर हौशी माणसाचा छंद म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः शिकारकथनाची रचना ज्या एका गोष्टीवर उभी असते ती म्हणजे शिकारी आणि प्राणी यांच्यामधील अंतर. आणि हे अंतर किती असावे, हे ठरविण्यात शस्त्राचा वाटा मोठा असतो. म्हणून रायफल बदलली की केवळ शिकार बदलत नाही, कथनही बदलते. हा बदल कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि त्यात काय गमावले व काय कमावले जाते, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या तपासाला मराठीतील एक वाक्प्रयोग उपयोगी पडतो. 'सावज टप्प्यात आले' असे आपण म्हणतो. या वाक्याचा कर्ता सावज आहे. शिकारी दबा धरून बसतो, हाकारा घालवतो, वाऱ्याची दिशा पाहतो. पण शेवटचे पाऊल सावजाने टाकायचे असते. टप्पा स्थिर असतो आणि प्राणी त्यात येतो किंवा येत नाही. या व्याकरणातच जुन्या शिकारकथेचे संपूर्ण नाट्य सामावलेले आहे.

हेमिंग्वेच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस मॅकोंबरच्या कथेत हे तत्त्व एका लहानशा संवादातून व्यक्त होते. सिंह किती अंतरावरून मारावा लागेल, असे भेदरलेला मॅकोंबर विचारतो, तेव्हा त्याचा व्यावसायिक वाटाड्या विल्सन सुचवितो की याबाबतीत सिंहाचेही काही मत असणार. या उत्तरात विनोद आहे, पण त्याहून अधिक काही आहे. अंतर ही एकट्या शिकाऱ्याने ठरविण्याची बाब नव्हे, ती दोघांतील वाटाघाट आहे. पुढे हेच कथन काही काळ सिंहाच्या जाणिवेत शिरते, हा म्हणूनच योगायोग मानता येत नाही. ज्या कथेत प्राण्याला अंतराविषयी मत असते, त्या कथेत त्याला दृष्टिकोनही मिळू शकतो.

जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या ग्रंथातील चौगढच्या वाघिणीचा प्रसंग याचे टोकाचे रूप आहे. नरभक्षक वाघीण सुमारे आठ फुटांवर, शिकाऱ्याच्या एका हातात पक्ष्याची अंडी, दुसऱ्या हातात भलत्या दिशेला रोखलेली रायफल. ती रायफल एका हाताने, वाघिणीच्या लक्षात येणार नाही इतक्या संथपणे वळविणे, एवढीच त्या प्रसंगातील क्रिया. येथे शस्त्राची अचूकता जवळजवळ निरर्थक ठरते. अर्थ आहे तो हालचालीच्या वेगाला. वाचकाचा श्वास रोखला जातो तो गोळी लागेल की नाही यामुळे नव्हे, तर दोन जिवांची नजर एकाच क्षणी एकमेकांवर खिळली आहे यामुळे.

दूरपल्ल्याच्या रायफलीने हे व्याकरणच उलटे केले. अमेरिकी शिकारलेखनात याची पूर्वतयारी बरीच आधी झाली होती. १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाचा जॅक ओ'कॉनर याने आयुष्यभर पुरस्कार केला. सपाट मार्गाने जाणारी गोळी डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीत काय साधते, हे त्याने रसाळपणे लिहिले. तरीही त्याच्या लेखनात रायफलीचे वर्णन डोंगराच्या वर्णनाला जोडूनच येते. त्यानंतरच्या दशकांत रायफल सुधारणे हाच एक स्वतंत्र विषय झाला: जड आणि दस्त्याला न टेकणारी नळी, हलका व एकसारखा सुटणारा चाप, चकती फिरवून उंची देता येणारी दुर्बीण, लेसर अंतरमापक, हाताने भरलेली काडतुसे, गोळीचा वेग मोजणारे यंत्र. २०१३ साली ट्रॅकिंगपॉइंट या टेक्सासमधील कंपनीने अशी रायफल बाजारात आणली की जिच्यात लक्ष्यावर खूण केल्यावर गणकयंत्रच गोळी सुटण्याचा क्षण साधते. आता सावज टप्प्यात येत नाही. टप्पा सावजापर्यंत वाढविला जातो. वाक्याचा कर्ता बदलला आहे.

याचा कथनरूपावरील पहिला परिणाम असा की नाट्याचे स्थान अरण्यातून चांदमारीच्या मैदानावर सरकते. पाचशे यार्डांवरील हरणाला शिकाऱ्याच्या अस्तित्वाची कल्पनाच नसते. तेव्हा भेटीचा प्रसंग उरत नाही, उरते ती तयारी. जेरार जेनेटने १९७२ साली कथनाच्या वारंवारितेचे जे प्रकार सांगितले, त्यांच्या भाषेत बोलायचे तर एकदाच घडलेली गोष्ट एकदा सांगणारे एकवारी कथन मागे पडते आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणारे पुनरावर्ती कथन पुढे येते. 'दर रविवारी', 'प्रत्येक वेळी', 'पुन्हा पुन्हा' ही या लेखनाची क्रियाविशेषणे आहेत. पालथे पडून, बसून, गुडघ्यावर टेकून मारलेल्या गोळ्या. रिकाम्या नळीने चाप ओढण्याचा सराव. गवताच्या झुकण्यावरून आणि उन्हाच्या झळांवरून वाऱ्याचा अंदाज घेणे. अशा नोंदींनी पाने भरतात. वरवर पाहता हे कथन नव्हेच, ही हिशेबाची वही आहे.

परंतु येथेच घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. तंत्र आले आणि कथा मेली, असे म्हणणे सोपे आहे. होसे ऑर्तेगा ई गासेतने १९४२ साली लिहिलेल्या शिकारविषयक निबंधात असा विचार मांडला की शिकारी स्वतःच्या सामर्थ्याला स्वेच्छेने मर्यादा घालतो आणि प्राण्याला निसटण्याची संधी राहू देतो, म्हणूनच शिकार ही कत्तल होत नाही. थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची न्याय्य पाठलागाची कल्पनाही याच जातीची आहे. या कसोटीवर दूरपल्ल्याची रायफल सहज दोषी ठरते. पण जवळून मारलेली प्रत्येक गोळी नैतिक होती, असे समजणे हा निव्वळ स्मरणरंजनाचा भाग होय. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीसमोर कॉर्बेटजवळची तीन काडतुसे संपली आणि तहसीलदाराची बंदूक घेण्यासाठी त्याला धावावे लागले. अपुऱ्या तयारीची ही कबुली त्याच्याच ग्रंथात आहे. शिवाय वसाहतकाळातील शिकारीत हाकारे घालणाऱ्यांचा जीव टप्प्यात येई, त्याचा हिशेब कथनात क्वचितच मांडला जाई.

उलट सरावाच्या रुक्ष वहीत एक नैतिक आशय दडलेला आहे, आणि तो अंकगणिताच्या रूपाने येतो. शंभर यार्डांवर ज्या रायफलीच्या गोळ्या दोन इंचांच्या वर्तुळात पडतात, तिच्या गोळ्या पाचशे यार्डांवर, वारा नसतानाही, दहा इंचांत पसरतात. आणि हरणाचे मर्मस्थान साधारण तेवढेच असते. त्यात वाऱ्याची चूक मिळविली की जखमी जनावर झुडपात नाहीसे होण्याची शक्यता उघड दिसते. गोळीला पाचशे यार्ड जाण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. हजार यार्डांना एक सेकंदाहून अधिक. तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकू शकते. विल्सनने सिंहाला दिलेले मत येथे पुन्हा प्रकट होते, फक्त आता ते अंतराच्या नव्हे तर काळाच्या भाषेत. कितीही सुधारलेली रायफल हे एक पाऊल प्राण्याकडून हिरावून घेऊ शकत नाही.

म्हणून या लेखनातील सर्वांत अर्थपूर्ण घटक म्हणजे थंड नळीची पहिली गोळी. तापलेल्या नळीतून सुटणाऱ्या दहाव्या गोळीचा अचूकपणा शिकारीत कामाचा नाही. तेथे पहिलीच गोळी मिळते. जाणते नेमबाज म्हणून दिवसाकाठी एकच गोळी झाडून तिची नोंद ठेवतात. या नोंदीत पुनरावर्ती आणि एकवारी कथन एकत्र येतात: रोज घडणारी, तरीही दर वेळी एकमेव असलेली घटना. तिच्यातून नेमबाजाला स्वतःची मर्यादा कळते, आणि मर्यादा कळल्याने न झाडलेल्या गोळीची कथा शक्य होते. जी संहिता हे सांगते की चारशे यार्डांवर हरीण उभे होते, यंत्राने हिशेब दिला होता, आणि तरी वाऱ्याची खात्री नसल्याने बोट चापावरून काढले गेले, त्या संहितेत सावज पुन्हा वाक्याचा कर्ता होते. जी संहिता केवळ यार्डांचा विक्रम मोजते, तिच्यात हरीण आणि लोखंडी लक्ष्यफलक यांत भेद उरत नाही. अशा लेखनाचा दोष तंत्राचा नसून दृष्टीचा आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर छंद म्हणून शिकार करण्याचा मार्ग बंद झाला. मराठी वाचकाला हे लेखन वापरायचे नसते, वाचायचे असते. आणि हाच त्याच्या वाचनाचा लाभ आहे. मराठीत 'अंतर' या एकाच शब्दाचा अर्थ दुरावा असाही होतो आणि अंतःकरण असाही. दूरपल्ल्याच्या शिकारलेखनाचे मूल्यमापन करताना हे दोन्ही अर्थ हाताशी ठेवावे लागतील. पहिले अंतर मोजण्याचे काम यंत्र करते. दुसऱ्याचा ठाव लेखनाने घेतला आहे की नाही, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.