सुधारित कापूस : कोणाच्या मोजपट्टीने?

धानाच्या जिल्ह्यात कापसावर बोलायचं ठरवलं, याचं काहींना नवल वाटलं असेल. आपल्याकडे बांध्या, बोड्या आणि तलाव. पऱ्हाटी शोधावी लागते. पण केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आपल्या शेजारी नागपुरात आहे. आणि कापसाचं जे झालं, त्याची सुरुवात धानात होऊ घातली आहे. म्हणून हा विषय घेतला.

मी शेतीतज्ज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्यात एक खोड लागते. विशेषण दिसलं की विचारायचं, हे कोणी लावलं आणि कशाशी ताडून लावलं? ‘सुधारित वाण’ यातलं ‘सुधारित’ हे असंच एक विशेषण आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाचं लक्ष वऱ्हाडाकडे आणि हिंगणघाटाकडे वळलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा कापूस कमिशनर आला. चांगला कापूस म्हणजे इथला ‘बनी’, तलम आणि लांब धाग्याचा, हे सरकारदरबारी पक्कं होतं, कारण गिरणीच्या यंत्राला तो हवा होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांताच्या शेतकी खात्यातल्या क्लाउस्टन यांनी उलटा हिशेब मांडला. बनीचा रुईचा उतारा कमी. ‘रोझियम’ नावाचा पांढऱ्या फुलाचा कापूस होता, आखूड आणि जाडाभरडा, पण उतारा भरपूर. तलमपणासाठी बाजार जो जादा भाव देई, त्यात उताऱ्यातली तूट भरून निघत नव्हती. मग त्यांनी रोझियमचा प्रसार केला. गिरणीवाल्यांच्या दृष्टीनं तर कापसाची प्रतच घसरली!

आता सांगा, सुधारला की बिघडला? तेच बोंड शेतकऱ्याच्या अंगणात सुधारलेलं आणि गिरणीच्या दारात बिघडलेलं. क्लाउस्टन सरकारी नोकर होते, संत नव्हते. पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं हे मोजपट्टीला धरून त्यांनी वाण निवडला. माझा आजचा आक्षेप एवढाच आहे की ही मोजपट्टी नंतर हातातून सुटली.

१९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ दिला. व्यापारी पातळीवर लावलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. १९७२ मध्ये धारवाडला कटारकींचा ‘वरलक्ष्मी’ आला. आपल्या नांदेडचा ‘एनएचएच-४४’ तर घरोघरी माहीत झाला. शास्त्र म्हणून ही मोठीच कर्तबगारी, त्याबद्दल वाद नाही. पण संकरित बी तयार कसं होतं ते बघा. कळी उमलायच्या आधी एकेका कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. हे परवडलं, कारण आपल्याकडे बायकांची आणि पोरींची मजुरी स्वस्त होती. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील हे देश सरळ वाणच लावत राहिले. त्या वाणाची सरकी पेरली तर पुन्हा तेच झाड येतं. संकरिताची पेरली तर दुसऱ्या पिढीत झाडं नाना तऱ्हेची निघतात. म्हणजे दर मृगाला दुकानाची पायरी चढणं आलं.

आणि गोष्ट इथेच थांबत नाही. बी महाग, म्हणून ते टोबून लावायचं, लांब लांब. एकरी सहा-सात हजार झाडं. बाहेरच्या देशांत एकरी चाळीस हजारांच्या आसपास असतात. झाडं थोडी, तर प्रत्येकानं पुष्कळ बोंडं द्यायला हवीत. त्याला वेळ लागतो. पीक दिवाळी ओलांडून पुढे रेंगाळतं, वर पाणी असलं की फरदड. आपली कोरडवाहू, हलकी जमीन बोंडं भरण्याच्या ऐन वेळी कोरडी पडते. आणि गुलाबी बोंडअळीला तर थंडीतली हिरवी पऱ्हाटी म्हणजे माहेर. नागपूरच्या संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी ही साखळी वारंवार मांडली आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. इथे मी दोन्ही बाजूंच्या भक्तांची थोडी नाराजी पत्करतो. बीटी पहिल्या दिवसापासून फसवणूक होती, हे खरं नाही. अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली आणि सुरुवातीच्या वर्षांत तिच्यावरच्या फवारण्या कमी झाल्या. पण बीटीनं उत्पादन दुप्पट केलं, हेही तितकंसं खरं नाही. हेक्टरी रुई २००१-०२ मध्ये ३०० किलोच्या आसपास होती, २००७-०८ मध्ये ५५०च्या घरात गेली, आणि पुढे बरीच वर्षं ४५०च्या आसपास घुटमळली. त्याच काळात खतांचा वापर वाढला, गुजरातेत सिंचन वाढलं, नवी कीटकनाशकं आली. क्रांती आणि अमेरिकेतले ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात हा हिशेब सोडवून दाखवला. एकापाठोपाठ घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत असे. मोठमोठ्या अहवालांत ती चूक सर्रास दिसते.

बीटी जनुक आपल्याकडे आला तो संकरितातून. परिणाम असा की एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष पुरं, काहींत अर्धं, काहींत मुळीच नाही. गुलाबी अळी सरकी खाते. थोडंथोडं विष पचवत तिची सवय होते. २०१७ मध्ये विदर्भानं ते भोगलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली.

‘मग देशी कापूस परत आणा’ असं म्हणणाऱ्यांना मी क्लाउस्टनचा हिशेब दाखवतो. आजच्या गिरण्या ज्या धाग्यासाठी बांधल्या आहेत तो बहुतेक देशी वाण देत नाहीत, आणि भाव नसेल तर प्रेमानं घर चालत नाही. प्रश्न देशी-विदेशीचा नाहीच. घरी राखता येईल असं, लवकर आटपणारं, दाट लावता येणारं बी सरकारी संस्थांनी जोर लावून का दिलं नाही, हा आहे. ‘सूरज’, ‘पीकेव्ही ०८१’ असे सरळ वाण निघाले. पण बाजार संकरितांचाच राहिला. ‘बिकानेरी नरमा’ हा राखता येणारा सरकारी बीटी वाण २००९ मध्ये बाजारात आला. त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाची सरमिसळ निघाली आणि त्याच वर्षी विक्री थांबली. सार्वजनिक संशोधनाची ही सर्वांत मोठी नामुष्की, आणि तिच्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

आता धानाकडे या. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला सांगायला नकोत. पटेल-३ च्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या वेचून ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून ‘एचएमटी’ आला, जो आपण सगळे खातो. हे घडलं, कारण धानाचा दाणा आपली जात टिकवतो आणि ते बी त्यांच्या घरचं होतं. संकरित कापसाच्या शेतात दादाजी जन्मूच शकत नाही. दुसऱ्या वर्षी त्याला पेरायला काय उरतं? आज संकरित धानाच्या पिशव्या आपल्याही दुकानांत आहेत.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस उत्पादकता अभियान जाहीर झालं. त्यात भर आहे अतिरिक्त लांब धाग्यावर. रिव्हेट-कारनॅक असता तर खूश झाला असता! साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात पुढच्या वेळी धानाचा नवा वाण दाखवतील, तेव्हा हेक्टरी क्विंटल ऐकून घ्या. मग विचारा, बियाण्याच्या एका रुपयामागे किती, पाऊस लांबला तर किती, आणि याचं बी मी ठेवू शकतो का? ही तीन उत्तरं तक्त्यात नसतील, तर ती वहीत लिहून मागा.