वराहमिहिराची बादली

'बृहत्संहिता' हाती घेणारे बहुतेक वाचक ग्रहांच्या चालीत नाहीतर शकुन-अपशकुनात अडकतात. ज्याच्या परसात एखादं लिंबू, पेरू किंवा डाळिंब आहे त्यानं ते सगळं ओलांडून 'वृक्षायुर्वेद' या अध्यायापाशी यावं. वराहमिहिर या सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या ज्योतिर्विदानं जमिनीखालचं पाणी शोधण्याचा अध्याय आधी ठेवला, मग हा झाडांचा आणि त्यानंतर देवळाच्या बांधणीचा. पाणी, झाड, मग देऊळ. हा क्रम मला फार आवडतो.

अध्याय तीस-एक श्लोकांचा. लागवडीची सुरुवात होते ती झाडापासून नव्हे, मातीपासून. भुसभुशीत जमीन सगळ्या झाडांना मानवते, तिच्यात आधी तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथेच तुडवून मिसळावेत, असं तो सांगतो. नेमका फुलोरा गाठायचा आहे, याकडे लक्ष द्या. फुलावर आलेलं रोप कोवळं आणि रसरशीत असतं; पुढे दाणा भरू लागला की नत्र तिकडे ओढलं जातं आणि काडी चिवट होत जाते. आज ताग किंवा धैंचा गाडतात तोही फुलोऱ्यावरच. कारण न सांगता वेळ मात्र अचूक सांगायची, ही या माणसाची लकब. लिंबाच्या कुळातलं महाळुंगही त्याच्या यादीत आहे, डाळिंब आणि द्राक्षाच्या पंगतीत, शेण लिंपलेल्या फांदीपासून वाढवायचं झाड म्हणून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते हेच फळ.

पण अध्यायाचा खरा ऐवज म्हणजे द्रवखताची कृती. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचा चुरा दोन आढक, तीळ एक आढक, सातूचं पीठ एक प्रस्थ, पाणी एक द्रोण आणि मांस एक तुला. सात रात्री मुरवायचं आणि वेली, झुडपं, झाडं यांना फुलाफळांसाठी घालायचं. बस, एवढंच.

चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. म्हणजे पीठ 1, तीळ 4, लेंड्या 8, पाणी 16. मांस तेवढं या चढणीत बसत नाही; तुला म्हणजे शंभर पळं, ते वजनाचं माप. पळाचं वजन प्रांतागणिक बदलतं, पण सुमारे 40 ग्रॅम धरलं तर द्रोण भरतो दहा लिटरच्या आसपास. आपली नेहमीची बादलीच की! तिच्यात पाच किलो लेंड्या, अडीच किलो तीळ, सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅम पीठ आणि चार किलो मांस. हे पाणी नव्हे, लापशी आहे.

एकेक जिन्नस चाखून पाहावा असा आहे. लेंड्याच का, शेण का नाही? कारण शेळीमेंढीचं खत गाईच्या शेणापेक्षा कसदार. आपल्याकडे धनगराला धान्य किंवा पैसे देऊन शेतात मेंढ्या बसवतात त्या उगीच नाही. आणि चुराच का? अख्खी लेंडी वाळली की कवचासारखी होते आणि पाण्यात कितीतरी दिवस तशीच राहते. सातूचं पीठ इतकं थोडं, कारण ते झाडासाठी नाहीच. ते आंबवणाऱ्या जिवाणूंचं खाणं. झाडाला नत्र मिळायचं ते तीळ, मांस आणि लेंड्यांतून. मांस कोणत्या प्राण्याचं यावर आज भांडणं होतील. लिंबाला त्यात रस नाही. त्याला हवं ते त्यातलं नत्र.

इथे विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत आठवल्याशिवाय राहत नाही. 200 लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, हे एका एकराला. पिठाची जागा तीच, काम तेच. पण या पिंपातून एकराला नत्र मिळणार ते फार तर पाव किलो. म्हणजे जीवामृत हे विरजण आहे आणि वराहमिहिराची बादली हे जेवण. दोन्हींची तुलना करून कोण श्रेष्ठ ते ठरवणारे बागाईतदार मी पाहिले आहेत. त्यांचं झाड बहुधा उपाशीच असतं.

सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' याच नावाच्या स्वतंत्र ग्रंथात हीच परंपरा कुणपजल म्हणून विस्तारानं येते. त्याची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातली पोथी मिळवून डॉ. य. ल. नेने यांनी 1996 मध्ये ती प्रकाशात आणली. पण वराहमिहिराच्या दोन श्लोकांतली मापांची घट्ट वीण मला जास्त भावते.

खटकतात त्या दोन गोष्टी. एक, अख्खे तीळ. तिळात निम्मं तेल, आणि तेलातून झाडाला काही मिळत नाही. तिळाची पेंड स्वस्तही आणि नत्रानं सरसही. दुसरी, हे मिश्रण नेमकं कुठे ओतायचं ते सांगितलेलं नाही. लिंबूवर्गीय झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरतात, पानांच्या घेराच्या कडेपर्यंत. बुंध्याशी ओल साचली की डिंक्या ठरलेला. म्हणून संत्र्याचे बागाईतदार दुहेरी आळं करतात: आतलं बुंध्याला कोरडं ठेवण्यासाठी, बाहेरचं पाण्याखतासाठी. शिवाय हे खत कधीही द्या, असाच एकूण सूर आहे. लिंबाच्या बाबतीत तो मानू नये. बारमाही खुराक मिळालेलं झाड पानसोट सोडतं आणि फुलायचं विसरतं.

तेव्हा परसातल्या लिंबासाठी असं करा. एक वाटी बेसन, चार वाट्या तिळाची पेंड, आठ वाट्या लेंड्यांचा चुरा, सोळा वाट्या पाणी. मांसाऐवजी मासे धुतलेलं पाणी चालेल, नसलं तरी अडत नाही. भांडं सावलीत, वर गोणपाट, रोज एकदा ढवळणं. सात रात्रींनंतर गाळून दहापट पाणी मिसळा, कारण ती लापशी तशीच घातली तर कोवळी मुळं करपतील. हस्त बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला दिलेला ताण मोडताना ते बाहेरच्या आळ्यात द्या. वास दोन दिवस राहील, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. हस्त बहाराचं लिंबू उन्हाळ्यात हाती येतं, आणि बाजारात ते सर्वांत महाग असतं तेही तेव्हाच.