'टेक' : एका इंग्रजी क्रियापदाचे कूळ आणि प्रयोग

परकीय शब्द भाषेत येतात ते मुख्यतः नव्या वस्तूंबरोबर व नव्या संस्थांबरोबर. नित्याची क्रियापदे मात्र भाषेची स्वतःचीच असतात, असे विधान पुष्कळदा केले जाते. एक सर्वसाधारण प्रवृत्ती म्हणून ते मान्य करता येईल. परंतु त्यास नियमाचे स्वरूप देता येणार नाही, हे इंग्रजीतील 'टेक' ह्या अत्यंत परिचित क्रियापदावरून स्पष्ट होते.

प्राचीन इंग्रजीत 'घेणे' ह्या अर्थी 'निमन' हे क्रियापद रूढ होते. जर्मन 'नेमेन' हे त्याचे सगोत्र होय. 'टेक' हे मात्र स्कँडिनेव्हियन 'ताका'चे रूप आहे. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियन लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती करून राहिले. १०१६ ते १०३५ ह्या काळात तर कनूट हा डेन राजा तेथे राज्य करीत होता. दोन्ही भाषा निकटच्या नात्यातील असल्यामुळे केवळ वस्तूंची नावेच नव्हेत, तर सर्वनामे व क्रियापदेही ह्या सहवासातून इंग्रजीत आली. अकराव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागलेल्या 'टेक'ने पुढे 'निमन'ची जागा घेतली. शेक्सपिअरच्या काळी 'निम' उरले ते 'चोरणे' ह्या हीन अर्थाने. 'पाचवा हेन्री' ह्या नाटकात चोरीपायी फाशी जाणाऱ्या निमचे नाव त्याचीच साक्ष देते. 'बधिर' ह्या अर्थाचे 'नम' व 'चपळ' ह्या अर्थाचे 'निंबल' ही विशेषणेही त्याच धातूची.

उसन्या क्रियापदास भाषा सामान्यतः आपला ठराविक प्रत्यय लावते. मराठीने 'खर्च', 'बदल' ह्यांपासून 'खर्चणे', 'बदलणे' अशीच रूपे घडविली. 'टेक' मात्र 'टुक' हे स्वरपरिवर्तनाचे भूतकाळी रूप बरोबर घेऊनच आले, आणि 'शेक-शुक' ह्या देशी जोडीच्या धर्तीवर ते सहज सामावले गेले. त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

अर्थनिर्णयात केवळ व्युत्पत्तीवर विसंबणे ह्याहूनही धोक्याचे. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये 'तेकन' ह्या सगोत्र क्रियापदाचा अर्थ 'स्पर्श करणे' असा आहे. इंग्रजीत एखादे काम दोन तास 'टेक' करते, तेव्हा मराठीत दोन तास 'लागतात'. आणि 'लागणे' ह्याच्याही मुळाशी चिकटण्याचा, स्पर्शाचाच अर्थ आहे. एवढ्यावरून दोहोंचा अर्थविकास एकच मानणे चुकीचे ठरेल. इंग्रजी प्रयोगात काम काळ व्यापते, खर्ची घालते, ही कल्पना आहे. मराठीत काळच कर्ता होतो.

कोशांत 'टेक'समोर 'घेणे' हा प्रतिशब्द साहजिकच प्रथम येतो. संस्कृत 'ग्रह्', प्राकृत 'गेण्हइ' ह्या परंपरेतील हे क्रियापद शपथ, निरोप, सूड ह्यांच्या बाबतीत चपखल बसते. परंतु छायाचित्र आपण 'काढतो' आणि परीक्षेला 'बसतो'. उलटपक्षी 'लिहून घे', 'जेवून घे' ह्यांतील 'घेणे' कर्त्याचे स्वतःचे हित किंवा सोय सुचविते. तेथे 'टेक' निरुपयोगी आहे.

तात्पर्य, द्वैभाषिक कोशकाराने क्रियापदाचे कूळ अवश्य नोंदवावे. त्यावरून त्या भाषांच्या सहवासाची खोली कळते. परंतु अर्थ ठरविण्याचा अधिकार त्याने प्रयोगालाच द्यावा. 'टेक'ला इंग्रजीपण लाभले तेही जन्माने नव्हे, वापराने.