स्टीरिओची परीक्षा कोणत्या गाण्यावर घ्यायची?

जालन्यात ओळखीच्या कुणाकडे नवा स्टीरिओ आला की आम्हांला बोलावणं येतं. चहा होतो, आणि मग यजमान 'आता ऐका हं' म्हणून जे लावतात ते बहुतेक वेळा सिंथेसायझरचं दणदणीत काहीतरी असतं. खिडक्या थरथरतात, सगळे खूश. आमचा आक्षेप इथंच आहे. त्या आवाजाचं मूळ आपण कुणी समोर बसून ऐकलेलं नाही. मग तो बरोबर आला की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मूळ ऐकायची सोय आपल्याकडे भरपूर आहे. अंबडला दत्तजयंतीच्या महोत्सवात पुढं बसून तंबोऱ्याची जवारी ऐकता येते. सप्ताहात पखवाज असतो, डाव्या तोंडाला कणीक लावल्यावरचा त्याचा घुमारा ज्यानं वादकाशेजारी बसून ऐकला (कर्ण्यातून नव्हे!) त्याला खोटा बास लगेच कळतो. नुसताच 'धब्ब' येतो, सूर येत नाही.

पुष्कळ जण 'कॉल ऑफ द व्हॅली' सुचवतात. १९६७ची ही ध्वनिमुद्रिका आम्हांलाही प्रिय आहे. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा आघात कानाला टोचला तर स्पीकरचा वरचा पट्टा कर्कश आहे असं समजायला हरकत नाही. पण वाद्यं कुठं बसलीत याची परीक्षा तिच्यावर घेऊ नये. ती मांडणी स्टुडिओतली आहे.

आमची खरी पसंती ऐकून लोक हसतात: अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या. मोनो, तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखर असलेल्या. पण मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांना तंतोतंत एकच आवाज. तेव्हा गळा बरोब्बर मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला, तर स्पीकरांची जागा किंवा पातळी चुकलीय. कुठून येतोय हेच कळेना, डोक्याभोवती नुसता पसरला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. आणि खरखर पुढं, गळा मागं असं झालं, तर यंत्र तार स्वरांना फाजील उठाव देतंय.

आणखी एक. दोन संच ताडून पाहताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. आम्ही एकदा केली नाही, आणि एकमतानं मोठ्यानं वाजणाराच निवडला. पातळी जुळवली तर मत उलटं! फजिती झाली.

मागं एका गृहस्थांनी नव्या संचाला जुना रेकॉर्ड प्लेअर जोडला. वडिलांच्या मोनो तबकड्या पोकळ वाजू लागल्या, गळ्यात जीवच नाही. नवी गाणी मात्र त्यांना झकास वाटत होती. 'तबकड्याच खराब' म्हणून त्यांनी त्या भंगारात दिल्या. आम्ही गेलो तेव्हा संचामागं वाकून पाहिलं. उजव्या स्पीकरच्या तारा उलट्या होत्या. दोन मिनिटांत नीट केल्या, पण लावून बघायला तबकडी घरात एकही उरली नव्हती.