‘आक्षेपार्ह’ : एका शब्दाची परीक्षा

मुंबई विद्यापीठाने 2010 साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही इंग्रजी कादंबरी कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. त्यानंतर दोन वर्षांनी पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुराबद्दल अटक झाली. पहिल्या प्रकरणाची चर्चा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केली, दुसऱ्याची विधिज्ञांनी. दोहोंचा एकत्र विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. वास्तविक दोन्ही ठिकाणी निर्णयाचा भार एकाच शब्दावर पडला होता, आणि तो शब्द म्हणजे ‘आक्षेपार्ह’. पालघरच्या प्रकरणातून या शब्दाची जी परीक्षा घडली, ती विद्यापीठात अद्याप व्हावयाची आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम पालघर. 17 नोव्हेंबर 2012 रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, मुंबई व आसपासचा प्रदेश बंद होता. हा बंद आदरापोटी नसून भयापोटी आहे, अशा आशयाचा मजकूर एका तरुणीने लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. पहिलीच्या आप्ताच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली, आणि मोडतोड करणाऱ्यांच्या अगोदर लिहिणारीस व पसंती देणारीस पोलिसांनी ताब्यात घेतले. पुढे त्यांच्यावरील प्रकरण बंद करण्यात आले व संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. परंतु ज्या कलमाचा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66अ शाबूत होते. त्यात ‘अतिशय आक्षेपार्ह’ व ‘उपद्रवकारक’ यांसारखे शब्द होते. त्यांची व्याख्या कोठेही नव्हती.

या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी ते कलम घटनाबाह्य ठरविले. निकालपत्रातील मर्माचा भाग म्हणजे चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तीन पायऱ्यांमधील भेद. एखाद्या मताची चर्चा करणे, किंबहुना त्याचा पुरस्कार करणे, हे ते मत कितीही अप्रिय असले तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येते. शासनाचा हात पोहोचू शकतो तो चिथावणीच्या पायरीवर. एकाला जे आक्षेपार्ह वाटते ते दुसऱ्याला वाटणार नाही. अशा शब्दावर शिक्षेची इमारत उभारता येत नाही, असा या युक्तिवादाचा रोख आहे. निकालानंतरही काही ठिकाणी या मृत कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले, म्हणून 2022 साली न्यायालयास ते थांबविण्याचे निर्देश द्यावे लागले. कायदा रद्द झाला तरी सवय रद्द होत नाही, हा याचा बोध.

आता विद्यापीठाकडे वळू. 2010 च्या सप्टेंबरात शिवसेनेच्या विद्यार्थी-संघटनेने या कादंबरीतील पक्षाविषयीच्या व मराठी माणसाविषयीच्या उल्लेखांना हरकत घेतली; विद्यापीठाच्या दाराशी पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. थोड्याच दिवसांत कुलगुरूंनी 1994 च्या विद्यापीठ अधिनियमाने दिलेल्या आणीबाणीच्या अधिकारात ती अभ्यासक्रमातून वगळली. हरकत घेण्याचा अधिकार विद्यार्थ्यांस होता, याविषयी दुमत असू नये. हरकत हेही वाचनाचेच एक रूप आहे. प्रश्न आहे तो त्या हरकतीचे पुढे काय झाले हा.

ज्या उल्लेखांवर रोष होता, ते बव्हंशी पात्रांच्या तोंडचे आहेत. 1971 च्या मुंबईतील एका पारशी वसाहतीत राहणारा बँक-कर्मचारी गुस्ताद व त्याचा विनोदी सहकारी दिनशॉजी यांच्या गप्पांतून बदलत्या शहराविषयीची एका अल्पसंख्य समाजाची भीती प्रकट होते. ती भीती न्याय्य की अन्याय्य, हा वर्गात विचारावयाचा प्रश्न आहे. पात्राचे उद्गार म्हणजे लेखकाचा पुरस्कार नव्हे, हे तर समीक्षेचे पहिले पाठ्य. पण मिस्त्री याहून पुढे गेले आहेत. दिनशॉजीच्या जिभेचा निवाडा कादंबरी स्वतःच करते. बँकेतील एका तरुण सहकारिणीस त्याची थट्टा जाचक होते, ती गुस्तादकडे गाऱ्हाणे मांडते, गुस्ताद मित्रास समज देतो. त्यानंतर दिनशॉजी गप्प होतो, आणि त्याच्या गप्प होण्याने गुस्तादच व्यथित होतो. बोलण्याने होणारी इजा व मौनाने होणारी हानी, या दोहोंचे माप लेखकाने एकाच प्रसंगात घेतले आहे. ज्या प्रश्नावरून पुस्तक वगळले गेले, त्या प्रश्नाचा इतका समतोल विचार पुस्तकातच होता. तो वर्गापर्यंत पोहोचू दिला गेला नाही.

आणखी एक तपशील ध्यानात घेण्यासारखा आहे. 1962 च्या युद्धकाळात गुस्तादने खिडक्यांना काळा कागद चिकटविला. युद्ध संपले, वर्षे लोटली, कागद तसाच राहिला. तो निघतो कादंबरीच्या अगदी अखेरीस. आपत्काळासाठी केलेली योजना आपत्काळ सरल्यावरही घरात अंधार कशी करते, हे सांगणारी ही कलाकृती आणीबाणीच्या अधिकारानेच वगळली जावी, हा योगायोग बोलका आहे. असा अधिकार असतो तो ज्या कृतीस विलंब परवडत नाही तिच्यासाठी. कादंबरीवरील मतभेदात अशी कोणती निकड होती? अभ्यासमंडळाने ती पुन्हा वाचून लेखी मत देण्यास काही आठवडे पुरले असते.

या निर्णयाची व्याप्ती पालघर-बोईसरकडून पाहिली असता अधिक स्पष्ट होते. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र कुलाब्यापासून डहाणूपर्यंत व दक्षिणेस सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. संलग्न महाविद्यालयातील अध्यापक पुस्तक निवडीत नाही, निवडलेले शिकवितो. त्यामुळे मुंबईत एक स्वाक्षरी झाली की तारापूरच्या कारखान्यातील कामगाराचा बोईसरहून गाडीने पालघरला शिकावयास येणारा मुलगा व दक्षिण मुंबईतील विद्यार्थी, दोघांच्याही हातून तेच पुस्तक एकाच दिवशी जाते. दुसऱ्यास ते ग्रंथालयात वा दुकानात सहज मिळते. पहिल्यास अभ्यासक्रम हेच बहुधा एकमेव दार असते. विद्याविषयक स्वातंत्र्य हा केवळ प्राध्यापकांचा विशेषाधिकार मानणाऱ्यांनी या मुलाचा विचार करावा.

येथे कोणी म्हणेल की, विद्यापीठाने कोणास अटक केली नाही. पुस्तकावर बंदीही नव्हती. तेव्हा पालघरशी तुलना अप्रस्तुत आहे. शिक्षेच्या दृष्टीने हे खरे आहे, आणि दोन्ही प्रकरणे समान होत असा आमचा दावा नाही. तथापि अडचण नेमकी येथेच आहे. अटकेत कोणी एक व्यक्ती पीडित असते; ती, किंवा तिच्यावरील अन्याय पाहून दुसरी कोणी, न्यायालयात जाते, शब्दांची छाननी होते, कारणे लिहावी लागतात. पुस्तक निमूटपणे वगळले की पीडित म्हणून पुढे येणारा कोणी राहत नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरील 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. अपयश आले, पण अश्लीलतेविषयीचा युक्तिवाद मागे राहिला व पुढील पिढ्यांस उपयोगी पडला. हरलेला वादही ज्ञानात भर घालतो. न झालेल्या वादातून काहीच उरत नाही.

1994 च्या अधिनियमाची जागा 2016 च्या अधिनियमाने घेतली आहे. तातडीचा अधिकार मात्र कुलगुरूंकडे कायम आहे. म्हणून उपाय कायद्याच्या जोडीने प्रथेतही शोधावा लागेल. नेमलेल्या पुस्तकावर हरकत आल्यास ती लेखी घ्यावी. कोणते पृष्ठ, कोणते वाक्य, कोणाच्या तोंडचे, हे तीत नमूद असावे. अभ्यासमंडळाने संपूर्ण पुस्तक वाचून सकारण निर्णय प्रसिद्ध करावा. आणि तोपर्यंत पुस्तक वर्गात राहावे. हरकत घेणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तरपत्रिकेत लेखकाशी मतभेद मांडून पूर्ण गुण मिळविता आले पाहिजेत. ‘आक्षेपार्ह’ हा शब्द उच्चारल्याने चर्चा संपता कामा नये. तो उच्चारणाऱ्याने आक्षेप कशावर व का, हे सांगावयाचे असते, आणि विद्यापीठाचे काम तेथून सुरू होते.