जॅझचं श्राद्ध आता पुरे

गोव्यात आणि मुंबईत जॅझच्या नावानं अलीकडे जे कार्यक्रम होतात, त्यांतले बरेचसे गेलेल्या माणसांवरचे असतात. पडद्यावर कृष्णधवल छायाचित्रं, पांढरे कोट, चकचकीत ट्रम्पेट, ताजमहाल हॉटेलातला बॉलरूम आणि निवेदकाचा भरून आलेला गळा. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आलं, २०१४ मध्ये बार्द्रोय बार्रेतो यांचा 'नाचोंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट आला. दोन्ही कामं मी मानतो. एकानं हरवलेली नावं शोधून दिली, दुसऱ्यानं ख्रिस पेरी आणि लोर्नाची गाणी तरुणांच्या कानावर घातली. 'बॉम्बे व्हेल्वेट'मध्ये अमित त्रिवेदींचं संगीत चित्रपटापेक्षा पुष्कळ वरचं होतं, तेवढं नोंदवून पुढे जातो. पण या चांगल्या कामांच्या मागून आपल्याला जी सवय लागली, ती मला सहन होत नाही. जॅझ म्हणजे आपल्याकडे एकेकाळी होतं ते काहीतरी, असं आपण धरून चाललो आहोत.

मालवण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात गेल्या हंगामात असाच एक कार्यक्रम ऐकला. निवेदक जुन्या काळातल्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकावर बराच वेळ बोलला. चांगलं बोलला. पण समोर बसून वाजवणाऱ्या चौघांची नावं त्यानं शेवटपर्यंत सांगितली नाहीत. सॅक्सोफोनवाल्या मुलानं मध्येच स्वतःची एक रचना सुरू केली, तर आयोजकानं बाजूनं खूण करून ती आवरती घ्यायला लावली आणि सगळे पुन्हा ओळखीच्या सुरावटींवर आले. तो मुलगा उत्तम वाजवत होता. त्याच्या हातात जे नवं होतं ते आम्हाला ऐकूच आलं नाही. हा लेख त्या रात्रीच्या रागातून लिहितो आहे.

जुन्या मंडळींची थोरवी मला नाकारायची नाही. आल्डोनाचा आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, नसता तर सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ला (१९५१) तो झणका आला नसता. सेबॅस्टियन डिसोझा नसता तर शंकर-जयकिशन यांच्या व्हायोलिनांचा तो विस्तार कुठून येणार होता? हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. स्मरणरंजन करणाऱ्यांच्या हातून जे निसटतं ते वेगळं आहे. ही माणसं शिकलेली होती आणि शिकवणारी होती. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रीकडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, त्यांनी लहानपणी सोल्फेज (स्वरवाचन) घोकलं होतं, म्हणून मुंबईत आल्यावर समोर ठेवलेला कागद ती वाचू शकत होती. माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्व्हिस प्यारेलालचा आणि राहुलदेव बर्मनचा शिक्षक होता. १९५८ मध्ये त्यानं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याबरोबर गायला लावलं. आपल्या रागांना स्वरमेळाची जोड देणारं स्वतःचं काहीतरी लिहायचं, ही त्याची धडपड होती. १९६५ मध्ये तो अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेला, परतल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा रमला नाही. आज तो लोकांना आठवतो तो 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) एका गाण्यातल्या नावापुरता. त्याच्या रचना कोण वाजवतं? कोणत्या विद्यार्थ्याच्या हातात त्याची स्वरलिपी आहे?

आता मला ज्याच्याविषयी मनापासून बोलायचं आहे त्याच्याकडे येतो. अमान्सिओ डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला गोवेकर, गिटारवादक. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याची गिटार ऐकून त्याला गिब्सन घेऊन दिली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला आणि १९६९ या एका वर्षात त्यानं दोन तबकड्या दिल्या : 'इंटिग्रेशन' आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासोबतची 'हम दोनो'. दुसऱ्या तबकडीत गोव्यावरची एक संथ रचना आहे. ती कोकणातल्या माणसानं एकदा तरी लक्ष देऊन ऐकावी. नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय गाते, हॅरियट तिच्या बाजूनं चालतो आणि गिटार खाली जमीन धरून असते.

डिसिल्वानं नेमकं काय केलं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण माझा सगळा वाद तिथून निघतो. जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची स्वरसंगती दर एक-दोन मापांनी बदलत असते. आपल्या गाण्यात षड्ज हलत नाही. आता या दोहोंची गाठ कशी घालायची? सोपा आणि वाईट मार्ग म्हणजे पाश्चात्त्य वाद्यमेळ तसाच ठेवायचा आणि वरून सतार-तबला शिंपडायचा. डिसिल्वानं तो टाळला. त्यानं बदलती स्वरसंगती मुद्दाम विरळ केली, एका स्वराचा धरलेला आधार लांबवला आणि गिटारच्या तारेवर बोट घसरवत मींड काढली. तरीही समोरच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनला स्वतःच्या भाषेत बोलायला जागा ठेवली. माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतून याच दिशेनं निघाले होते. डिसिल्वा आपल्या बाजूनं निघाला होता. ही माणसं वाटेत एकमेकांना भेटली म्हणून त्या तबकड्या आजही ताज्या वाटतात.

१९७२ मध्ये त्यानं आणखी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिचं नाव 'कोकण डान्स'. ती तेव्हा निघाली नाही. डिसिल्वा १९९६ मध्ये वारला, तबकडी बाहेर आली २००६ मध्ये, तीही इंग्लंडमध्ये. आपल्या किनाऱ्याचं नाव असलेलं संगीत चौतीस वर्षं कपाटात राहिलं आणि त्या कपाटाची चौकशी आपल्यापैकी कुणी केली नाही. नंतरच्या काळात डिसिल्वा लंडनमध्ये मुलांना शिकवत राहिला. वादक, रचनाकार आणि शिक्षक ही तिन्ही कामं ज्याच्या ठायी एकत्र होती, असा आपला सगळ्यात मोठा जॅझवाला हाच, असं माझं ठाम मत आहे. चिक चॉकलेटच्या भक्तांना राग येईल. येऊ दे.

त्याच लंडनमध्ये केशव साठे नावाचे मुंबईचे मराठी तबलावादक होते. रचनाकार जॉन मेयर आणि हॅरियट यांच्या 'इंडो-जॅझ सूट'मध्ये (१९६६) आणि त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा तबला आहे, 'जॅझ मीट्स इंडिया'मध्ये (१९६७) आहे, पुढे गिटारवादक जॉन रेनबर्नच्या गटात आहे. साठे कधी गर्दी करत नाहीत, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात. मराठीत त्यांच्याविषयी एखादा सविस्तर लेख कुणी दाखवला तर मी आनंदानं वाचीन. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू निदान नावानं तरी आपल्याला माहीत आहेत. 'उसफ्रेत'मध्ये (१९८८) त्यांनी आईला गायला बसवलं आणि तिच्या ठुमरीच्या अंगाला कुठेही धक्का लावला नाही. ब्राझ गोन्साल्व्हिसचं 'रागा रॉक' (१९७०), लुई बँक्स यांचं मुंबईतलं दीर्घ काम, हे सगळं याच रांगेतलं आहे. उलट रिसॉर्टवरचं 'फ्यूजन' आणि जेवणासोबतचं मुळमुळीत सॅक्सोफोनवादन यांच्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

आजच्या घडीला मला सगळ्यात आशादायक वाटतात ते शिकवणारे वादक. विजय अय्यर २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत, रुद्रेश महंतप्पा प्रिन्स्टनचा जॅझ विभाग सांभाळतात. महंतप्पांनी 'किन्समेन'साठी (२००८) कर्नाटक संगीतातले सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ यांच्यासमोर बसून आधी ऐकलं, मग लिहिलं. ते ऐकणं त्या तबकडीच्या प्रत्येक वळणात जाणवतं. दिल्लीकडे तरुण आणि आदित्य बालानी या भावांनी स्वतः वाजवता वाजवता ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट उभी केली. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला ट्रू स्कूल ऑफ म्युझिक सुरू झाली. या शाळांमुळे एक मोठी गोष्ट झाली. जॅझवाल्याला पोटासाठी लग्नाचा बँड किंवा स्टुडिओतली रोजंदारी एवढेच मार्ग उरले नाहीत, शिकवणं हा उभा धंदा झाला. आठवड्याचे चार दिवस शिकवून तीन दिवस स्वतःचं लिहिणारा माणूस आज आपल्याकडे असू शकतो. चिक चॉकलेटला हे मिळालं नव्हतं.

पण या शाळा कुणासाठी आहेत? फी मोठी, माध्यम इंग्रजी, ठिकाण महानगर. तिथे येणारा विद्यार्थी बहुधा आधीच कीबोर्डवर ट्रिनिटीच्या परीक्षा दिलेला. शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांना भाडं भरायचं असतं. माझा आक्षेप आहे तो आपल्या सांस्कृतिक कल्पनाशक्तीला. जॅझ शिकण्याची सगळ्यात चांगली पूर्वतयारी ज्या मुलांपाशी आहे, ती मुलं या शाळांच्या नजरेत नाहीत.

ती मुलं माझ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत. वैभववाडीत, कणकवलीत, देवगडात. गणपतीत आणि जत्रांत भजनाची डबलबारी ऐकलेल्या वाचकाला हे पटवावं लागणार नाही. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकानं गजर टाकला की दुसऱ्यानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, शब्दात आणि चालीतही. पखवाजवाला समोरच्या बारीच्या पखवाजाचे तोडलेले बोल उचलतो, उलटवतो आणि समेवर आणून आपटतो. कोरस ऐकत असतो, कारण बुवा पुढे कुठे वळतील हे कुणालाच ठाऊक नसतं. दशावतारात तर संवादही लिहिलेले नसतात आणि पेटीवाला नटाच्या तोंडाकडे बघून वाजवतो. न्यू ऑर्लिन्समध्ये आणि हार्लेममध्ये वादक एकमेकांना आव्हान देत रात्र जागवत तेव्हा त्यांच्यापाशी हीच विद्या होती : ऐकणं, लगेच उत्तर देणं, हरायची तयारी ठेवणं. कोणत्याही शाळेला ही विद्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बसवताना घाम फुटतो. आमच्या पोरांना ती बाराव्या वर्षी येते.

त्यांना येत नाही ती स्वरसंगती. आणि इथे आपल्या हातातलं वाद्यच मदतीला उभं आहे. पेटीवर शास्त्रीय संगीतवाल्यांचा जुना आरोप असा की तिचे स्वर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती याच विचारानं, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. रागाच्या दृष्टीनं तो आरोप खरा आहे. पण सतत बदलणाऱ्या स्वरसंगतीला असेच सम अंतरावर बसवलेले स्वर सोयीचे पडतात. पेटी युरोपातून आली ती स्वरसंगतीसाठीच. आपण भात्यासाठी डावा हात गुंतवून तिला एका हाताचं वाद्य केलं आणि तिच्यातली निम्मी शक्ती झाकून ठेवली. संगीत नाटकांतल्या पायपेटीवर दोन्ही हात मोकळे होते. हातपेटीवरही उजव्या हाताच्या तीन बोटांत एक पूर्ण मेळ बसतो. बुवाच्या अभंगाखाली पेटीवाल्यानं दर ओळीला मेळ बदलला तर काय होईल, हा प्रयोग करायला एक चांगला जॅझ पियानोवादक, एक तयार पेटीवाला आणि महिनाभराचा वेळ पुरे.

जॅझ परका आहे, आपल्या मातीत तो कसा रुजेल, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या देवघरासमोरच्या भजनात पेटीच वाजत असते. दुसरी बाजू म्हणते, भजन ग्रामीण आहे, जॅझला सुशिक्षित श्रोता लागतो. ज्या संगीताची मुळं गुलामांच्या वंशजांच्या चर्चमध्ये आणि वेठीच्या कामावरच्या गाण्यांत आहेत, त्याच्याविषयी हे बोलायला मोठी बेफिकिरी लागते. डबलबारीच्या मैदानात पहाटेपर्यंत बसणारा श्रोता एखाद्या बुवानं चाल चोरली तर लगेच ओळखतो आणि मोठ्यानं सांगतो. एवढा जागा श्रोता मला मुंबईतल्या जॅझच्या जागी क्वचित दिसला. शिवाय डबलबारीलाही या भेटीची गरज आहे. चित्रपटाच्या चालींवर अभंग बसवण्याची जी साथ पसरली आहे, तिच्यावर नव्या चाली बांधता येणं हाच इलाज आहे.

कोकण रेल्वे १९९८ पासून मुंबई आणि मडगाव जोडते आहे. दोन्ही टोकांचे जॅझवाले वैभववाडी रोड स्थानकावरून जात-येत असतात आणि इथे कुणी उतरत नाही, कारण त्यांना इथे बोलावणारं कुणी नाही. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, एका मोठ्या तबलावादकाच्या नावानं उभं आहे. पणजीत कला अकादमी आहे. या संस्थांनी स्मरणसंध्येऐवजी दर वर्षी एका वादकाला नवी रचना लिहायला पैसे द्यावेत, त्यानं ती सिंधुदुर्गातल्या एका भजनी मंडळाबरोबर बसून बांधावी, आणि पहिला प्रयोग गावच्या मैदानात व्हावा. अँथनी गोन्साल्व्हिस आणि डिसिल्वा यांच्या स्वरलिप्या मिळवून त्या मराठी-कोकणी टिपणांसह विद्यार्थ्यांना द्याव्यात, म्हणजे ती माणसं छायाचित्रांतून बाहेर येऊन पुन्हा शिकवायला लागतील. हॉटेलवाल्यांना हे मान्य नसेल तर त्यांच्याकडे दोनच गोष्टी लावून धराव्यात : फलकावर वाजवणाऱ्यांची नावं, दिवंगतांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि कार्यक्रमाचा निदान अर्धा वेळ त्यांनी स्वतः लिहिलेल्या रचनांना. ज्या आयोजकाला हे जमत नाही त्यानं कार्यक्रमाला जॅझ म्हणू नये आणि आपण तिकीट काढू नये.